बोंडांची गौर

भाट्याचा पूल ओलांडून गाडी समुद्राच्या कडेने निघाली आणि काचेखालच्या पट्टीवर अक्षरं उमटली : ‘केवडा, उजवीकडे.’ द्वारका मयेकरांनी उजवीकडे पाहिलं. बन सुरूच्या झाडांमागे होतं, दिसत नव्हतं. गाडीला मात्र ते कळलं होतं.

“बघून नाही मावशी, हुंगून,” गाडी चालवणारी त्यांची भाची मृण्मयी म्हणाली. बॉनेटवर नारळाएवढा जाळीदार गोळा बसवलेला होता. त्याचं नाव गंधवेधी. प्रत्येक झाड पानाफुलांतून स्वतःची अशी वाफ सोडत असतं. गोळा ती हवेतून टिपायचा, साठवलेल्या वासांशी ताडून पाहायचा आणि ओळख पटली की नकाशावर ठिपका ठेवायचा. रत्नागिरी ते देवगड या सागरी रस्त्यावरच्या रानफुलांची पाहणी मृण्मयीकडे होती. मावशीला वाटेत घरी सोडायचं ठरलं होतं.

मावशीचं काम वेगळंच होतं. उद्या अनुराधा नक्षत्रावर गौर येणार होती. मयेकरांकडे तेरड्याची गौर. रानातली फुललेली रोपं मुळासकट आणायची, सुपात ठेवायची, साडी नेसवायची. पण हल्ली पाऊस वैशाखातच कोसळायचा आणि श्रावणात पाठ फिरवायचा. गेली तीन वर्षं भाद्रपदात तेरडा मिळाला नव्हता. बाजारातून नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची रोपं आणून त्यांनी वेळ निभावली होती. यंदा सूनबाईंनी, पूर्वाने, थ्रीडी छपाईची गौर मागवली होती. मुखवटा, हात, कधी न सुकणारी फुलं, सगळं एका खोक्यात.

“संध्याकाळपर्यंत तेरडो गावलो तर तुमची बसवया,” पूर्वा सकाळी फोनवर म्हणाली होती. “नायतर माझी.”

“गावतलो,” म्हणून द्वारकाबाईंनी फोन ठेवला होता.

पावस मागे पडलं. पूर्णगडच्या खाडीवर समुद्री गरुड वाऱ्यावर पंख टेकून स्थिर उभा होता. इथे पूल नव्हता तेव्हा द्वारकाबाई आईबरोबर होडीतून पलीकडे जायच्या. आईच्या मांडीवर सूप असायचं आणि सुपात गुलाबी तेरडा. होडीवाला गौरीचे पैसे घेत नसे.

आडिवऱ्याच्या पुढे सडा लागला. काळ्या कातळावर पाणी साचलेल्या जागी सीतेच्या आसवांच्या फुलांची निळाई होती, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके. पट्टीवर नावांमागून नावं येत होती. तेरडा मात्र नाही.

“तुझ्या यंत्राक पडसा झाला काय गो?”

“त्याला पडसं होत नाही मावशी. तेरडा नाहीये, म्हणून दाखवत नाही.”

“तू पुण्यात वाढलंस. तुका काय म्हायती, तेरडो नाय असो भादवो कसो असता?”

मृण्मयीने गाडीचा वेग कमी केला. दुपार कलली होती. जैतापूरचा पूल गेला तरी नकाशा तसाच. एका ओहोळापाशी द्वारकाबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि काठी टेकत उतारावर उतरल्या. काठाला कमरेएवढी रोपं दाटली होती, पिवळट पानांची, लवदार हिरव्या बोंडांची.

“हो तेरडोच. पण ह्यात काय रवला? फुलां होऊन गेली.” त्या वळल्या.

“थांब मावशी. याला हात लावला की फुटतं ना?” मृण्मयीने एक बोंड चिमटीत धरलं. ते फट्‌कन उलगडलं आणि बिया तिच्या चष्म्यावर आपटल्या. ती लहान मुलीसारखी किंचाळली. द्वारकाबाईंना हसू आवरेना. त्यांनीही एक फोडलं, मग आणखी एक. शाळेतून येताना हेच तर करत असू!

मृण्मयीचं हसणं मध्येच थांबलं. “यंत्राला मी फुललेल्या तेरड्याचा वास शिकवलाय. बोंडं धरलेल्या झाडाचा वास वेगळा येत असणार. आपण दोघी फूलच शोधत बसलो.”

तिने एक रोप उपटलं, दोघी वर गाडीपाशी आल्या आणि तिने ते गोळ्याजवळ धरलं. पट्टीवर ‘अनोळखी’ असं आलं. तिने नाव सांगितलं. सकाळपासून टिपलेल्या सगळ्या वासांची नोंद यंत्राने ठेवली होती. ती आता त्याने पुन्हा तपासायला घेतली. नकाशावर एक हिरवा ठिपका उमटला, मग दुसरा, मग रस्त्याच्या बाजूने माळ लागत गेली.

“सगळे ओहोळाच्या कडेला आहेत,” मृण्मयी पुटपुटली. “आणि पुलांच्या खालच्या अंगाला. असं का?”

द्वारकाबाई एकेका ठिपक्यावर बोट ठेवू लागल्या. “हयसर माझ्या आत्येच्या वाडीतल्या गौरी बोळवत. हयसर आवशीच्या माहेरच्यो. ह्ये गौरींचे पाणवठे गो!”

तिसऱ्या दिवशी बायका सुपं घेऊन यायच्या आणि रोपं पाण्यात सोडायच्या. फुलांखाली धरलेली पहिली बोंडं वाहत्या पाण्यात जायची, पुढच्या वळणावर रुजायची. कोणाच्या ध्यानीमनी नसताना गौर पेरली जात होती.

“आपल्या वाडीचो ओहोळ खंय आसा?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“तिथे अजून पोचलो नाही.”

त्यांनी पुन्हा उतारावर उतरून बोंडांनी लगडलेली पाच रोपं मुळासकट उपटली आणि बरोबर आणलेल्या सुपात निजवली. “आता सावकाश चालव. हिसको बसता नये.”

वाडीच्या ओहोळावर मृण्मयीने गाडी थांबवली. गंधवेधीने हवा घेतली. पट्टी कोरी राहिली. बोंडं न धरणाऱ्या नर्सरीच्या रोपांनी तीन वर्षांत इथे काहीच बी सोडलं नव्हतं.

“चल,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी हय येवचा आसा.”

पूर्वा दारात उभी होती. खोकं उघडून ओटीवर ठेवलेलं, आत न सुकणारी फुलं. तिने सुपात पाहिलं.

“आई, ही कसली गौर? फूल खंय हिचा?”

“फूल येवन गेला. ती वेळेर इली, पूर्वा. उशीर आमका झालो.”

मृण्मयीने तिला नकाशा दाखवून ठिपक्यांचा अर्थ सांगितला. हिरवी माळ त्यांच्या वाडीपाशी येऊन तुटत होती. पूर्वाने त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. मग तिने खोक्याचं झाकण लावलं, सासूच्या हातातलं सूप घेतलं आणि ते कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तेवढ्यानेही एक बोंड फुटलं. चार बिया उंबऱ्यावर सांडल्या. तिने त्या वेचून तळहातावर ठेवल्या.

“मगे आई,” ती म्हणाली, “फुडल्या वर्षी गौर कधी आणूची? अनुराधा लागल्यावर, की तेरडो फुलल्यावर?”