चौदा तासांची सावली

शेजारच्या वस्तीवर कुणाचाच राग नव्हता. भांडण झाले नव्हते, कुणी कुणाचे काही पळवले नव्हते. तरीही तीन महिन्यांत दोन्ही वस्त्यांचे खांब उंचच उंच होत चालले होते. असे कसे? अकरा वर्षांच्या ऋजुताला हे कोडे सुटत नव्हते.

ही गोष्ट चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरची. तिथे सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. क्षितिजाला घासत तो महिन्याभरात एक फेरी मारतो. म्हणून सौर पॅनेल (उन्हापासून वीज करणारे तक्ते) उंच खांबांवर उभे लावावे लागतात आणि त्यांच्या सावल्या फार लांब पडतात. अर्ध्या किलोमीटरवरच्या आल्बा वस्तीने आपला खांब वाढवला होता. आता दर फेरीत चौदा तास त्यांची सावली ऋजुताच्या वस्तीच्या पॅनेलवर पडणार होती. बॅटरी पुरायची दहा तास. उरलेले चार तास हरितगृह गारठणार, आणि हरितगृहात आबांनी लावलेला कढीपत्ता होता.

आबा म्हणजे ऋजुताचे आजोबा, आईचे वडील. देशादेशांतल्या संबंधांचे ते अभ्यासक. "चंद्रावर तुमचं काय काम?" असे कुणी विचारले, की म्हणायचे, "इथे शेजारी आहेत ना!" त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

आई वस्तीची प्रमुख होती. आपलाही खांब सहा मीटर वाढवण्याचा हुकूम ती आज चार वाजता देणार होती. मग आपली सावली आल्बावर पडली असती.

"बारकू, ते लोक वाईट आहेत का रे?" ऋजुताने विचारले. बारकू हा आबांचा यंत्रमानव, ऋजुताच्या कमरेइतका उंच. आबांचे ऐकून ऐकून तो त्यांच्यासारखाच बोलायचा.

"वाईट कशाला असायला हवेत? मला सांग, वर्गात भांडण झालं तर कोण सोडवतं?"

"पेडणेकरबाई."

"आणि दोन वस्त्यांचं झालं तर?"

"कुणीच नाही."

"याला म्हणतात अराजक (सगळ्यांच्या वर कुणी नसणं). गोंधळ असतोच असं नाही. बाई नसतात, इतकंच. मग जो तो आपली काळजी घेतो. समोरच्याचं मन दिसत नाही, खांब तेवढा दिसतो. एकाची सावधगिरी दुसऱ्याला धमकी वाटते, म्हणून तोही खांब वाढवतो. ही झाली सुरक्षेची कोंडी. वास्तववादी विचारवंत म्हणतात, देशांचं हे असंच चालायचं."

"मग खांब पृथ्वीपर्यंत पोचतील!"

"उदारमतवादी तेच म्हणतात, आवरा आता. आपल्याला त्यांचं पाणी लागतं, त्यांना आपला ऑक्सिजन. एकमेकांवाचून अडतं, तर बसून नियम लिहा."

"आई बोलली की त्यांच्याशी! 'नोंद घेतली' म्हणाले नुसते."

"म्हणजे विश्वास उडालाय. इथे तिसरे येतात, रचनावादी. शेजारच्या काकूंच्या हातात सुरी दिसली, तर तू पळतेस?"

"छे! कांदा चिरत असतील."

"आणि अनोळखी माणसाच्या हातात दिसली तर?"

"पळेन."

"सुरी तीच. ओळख बदलली की तिचा अर्थ बदलतो. हे लोक विचारतात, आपण एकमेकांना कोण समजतो?"

"पूर्वी कोण समजायचो?"

"दर शनिवारी डबा यायचा-जायचा, एवढं मला माहीत आहे."

ऋजुताने वर पाहिले. फळीवर निळ्या झाकणाचा डबा होता. आल्बाच्या प्रमुख इग्नासियाबाईंचा. "हा अजून इथेच?"

"आबा गेले त्या आठवड्यात आला. त्याच आठवड्यात आपला खांब दोन मीटर वाढला, नव्या खोल्यांना वीज हवी म्हणून."

"म्हणजे पहिला खांब आपलाच?"

"आपलाच. कळवलं कुणीच नाही."

ऋजुता डबा घेऊन धावत नियंत्रण कक्षात गेली. "आई, हा परत का नाही केला?"

आईने डबा हातात घेतला. "रिकामा डबा परत पाठवत नाहीत, ऋजू."

"मग भरायचा!"

"आबा भरायचे, कढीपत्त्याच्या चटणीने." आई झाकणावरून अंगठा फिरवत राहिली. "आज भरू, उद्या भरू, करत राहिले."

"त्यांना कुठे ठाऊक आहे आपली पद्धत? त्यांना वाटलं असेल, आपण बोलणंच सोडलं. आबा गेले हे तरी कळवलंस?"

"पृथ्वीवर कळवलं," आई हळूच म्हणाली.

पावणेचार झाले होते. आईने हुकूम उद्यावर ढकलला. "पण चटणीने अंधार उजळत नाही हं. मोठी बॅटरी मी मागवणारच."

"वास्तववादी कुठली!" मागून आलेला बारकू म्हणाला.

कढीपत्त्याची पाने कुरकुरीत होईपर्यंत भाजली. सुके खोबरे घेतले. तीळ जरा जास्तच भाजले गेले. आईने चिठ्ठीत दोनच ओळी लिहिल्या : 'बाबा गेले. खांब नव्या खोल्यांसाठी वाढवला होता; आधी सांगायला हवं होतं.' बारकू गाडी घेऊन निघाला.

सात वाजता इग्नासियाबाई पडद्यावर आल्या. हातातली चिठ्ठी त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "तीन महिने मी विचार करत होते, माझ्या केकमध्ये काय बिघडलं होतं. आणि तेवढ्यात तुमचा खांब वाढलेला दिसला."

आई हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दोघींनी करार लिहिला. खांब वाढवायचा तर आठ दिवस आधी कळवायचे. आपल्या सावलीत शेजारी असेल, तेवढे तास त्याला आपली वीज द्यायची. दोन वस्त्यांमध्ये तार टाकली गेली. पुढच्या फेरीत चौदा तासांची सावली आली आणि गेली. कढीपत्त्याचे एक पानही गळले नाही. बॅटरीची मागणी मात्र आईने मागे घेतली नाही.

शनिवारी निळ्या झाकणाचा डबा केक घेऊन परत आला.

"या खेपेला तीळ कमी भाजू," ऋजुता म्हणाली.

"इग्नासियाबाईंना काय कळतंय!"

"आबांना कळलं असतं."

"लगेच कळलं असतं," म्हणत आईने कढई मंद आचेवर ठेवली.

खिडकीतून पलीकडचा कडा दिसत होता. तिथे तिसऱ्या वस्तीची पहिली याने उतरत होती. माणसे कुठली, बोलतात कोणती भाषा, अजून कुणालाच माहीत नव्हते. त्यांचा खांब मात्र उभा राहू लागला होता.

ऋजुताने तिकडे पाहिले आणि फळीवरून दुसरा डबा खाली काढला.