अप्पांचं यंत्र चालू आहे

लालबागच्या त्या छापखान्यातलं यंत्र बंद होतं, आणि तरीही ते चालत होतं.

शरच्चंद्र पेंडशांनी यंत्रावर हात ठेवून पाहिला. लोखंड थंडगार होतं. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर मात्र त्याच यंत्राची हुबेहूब आकृती गरगरत होती. सिलिंडर फिरत होते, कागदामागून कागद पडत होता. आवाज कसलाच नव्हता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते संघमित्रा तांबेच्या गिरगावातल्या गुप्तहेर कचेरीत बसत. तिला चहा पाजणं आणि तिने सांगितलेलं उशिरा समजणं, ही त्यांची मुख्य कामगिरी. पण भुताखेताचं प्रकरण त्यांच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

"अप्पा गेल्यापासून हे असं आहे," नलू म्हणाली. छापखाना तिच्या वडिलांचा. "ह्याच खुर्चीत, पडद्याकडे बघता बघता गेले. सुतक म्हणून यंत्राचा मेन स्विच पाडला, आणि हे सुरू झालं. कामगार आत पाऊल टाकत नाहीत. म्हणतात, अप्पा छापतायत."

"आणि तुम्ही काय म्हणता?" संघमित्राने विचारलं.

"मी रोज येऊन बघत बसते. भीती वाटते, पण पडदा बंद करवत नाही."

टेबलावर अप्पांचा हार घातलेला फोटो होता, शेजारी त्यांचा चष्मा आणि हृदयविकाराच्या गोळ्यांचं निळं खोकं. शरच्चंद्रांनी चाळा म्हणून खोकं उचललं. त्यावर चिकटलेला एक पांढरा केस त्यांनी नखाने काढायला पाहिला. निघेना, तेव्हा खोकं परत ठेवून दिलं.

"गोळ्या कोण आणायचं?" संघमित्राने विचारलं.

"उत्तमदादा, आमचे मॅनेजर. कधी खंड पडू दिला नाही त्यांनी."

तेवढ्यात सौमित्र आला. पडद्यावरची ही सगळी व्यवस्था त्यानेच बसवली होती.

"हे यंत्राचं डिजिटल जुळं," तो म्हणाला. "यंत्रावर एक डबी असते. ती वेग, उष्णता, हवेतली ओल मोजते आणि सिमकार्डावरून इथे पाठवते. कागदावर कुठला मजकूर कुठे बसवायचा, ते आम्ही आधी ह्या जुळ्यावर मांडून बघतो. म्हणजे खरा कागद वाया जात नाही."

"यंत्र बंद असलं की?"

"डबीही बंद. तिला वीज यंत्राचीच. म्हणून तर माझी झोप उडालीय, मॅडम."

शरच्चंद्र पडद्याजवळ गेले. पडणाऱ्या कागदांवर अक्षर एकही नव्हतं, नुसत्या रेषा. चौकोनांना कान फुटलेले, एकमेकांत अडकवलेले. "हात पसरून आडवी झालेली माणसं वाटतात," ते पुटपुटले. कोपऱ्यात ओलीचा आकडा होता, ऐंशी टक्क्यांच्या वर. बाहेर जानेवारीची कोरडी हवा होती. त्यांचे स्वतःचे ओठ फुटले होते.

उत्तम आला तो दारातच थांबला.

"ताई, कितीदा सांगितलं, तो पडदा बंद करा! जीव अडकलाय त्यांचा." तो फोटोकडे वळला. "डिलाईल रोडच्या चाळीतून उचलून आणून मला काम शिकवलं हो त्यांनी. जन्मभर लग्नपत्रिका नि कॅलेंडरं छापली, आता मेल्यावर औषधांची खोकी छापत बसतील काय?"

संघमित्राने मान डोलावली. मग हॉलच्या टोकाला असलेल्या रिकाम्या सिमेंटच्या चौथऱ्याकडे बोट केलं. "इथे काय होतं?"

"दोन नंबरचं यंत्र," नलू म्हणाली. "ह्याचंच भावंड. सिलिंडरला खाच पडली. छापलं की केसाएवढी पांढरी रेघ उठायची. अप्पांनी ते भंगारात काढलं. उत्तमदादांनीच नेऊन घातलं."

संघमित्रा सौमित्रच्या कानाशी काहीतरी बोलली. तो घाईने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना त्याच पडद्यासमोर बसवलं. यंत्र फिरतच होतं. दाराशी साध्या वेषातला पोलीस अधिकारी उभा होता.

"भूत नाही," ती म्हणाली. "पडद्यावर इथलं यंत्र, एक नंबर, दिसतच नाहीये. हे दोन नंबर आहे."

"ते तर भंगारात..." शरच्चंद्र पुटपुटले.

"गेलंच नाही, काका. त्याची डबी अजून त्यावर आहे. दोन्ही डब्या चालू असल्या की पडदा एक नंबर दाखवतो. सुतकात एक नंबरची डबी गप्प झाली, म्हणून दुसरी दिसायला लागली. कोरड्या हवेत ऐंशीच्या वर ओल कशी, ते बघूनच यंत्र दुसरीकडे असल्याचं कळलं. सौमित्रने सिमकार्डाचा माग काढला. शिवडी. खाडीलगतचं गोदाम, भिंतीतून पाणी झिरपणारं."

"पण डबी का ठेवली?"

"जुळ्यावर मांडल्याशिवाय ते चोरून चालवणाऱ्याला कागदावर आकार बसवता येत नव्हते. जुळ्यावर आराखडा मांडायचे तिघेच, अप्पा, सौमित्र आणि उत्तमराव. अप्पा गेले. सौमित्रला माहीत असतं, तर त्याने माग काढून दिला नसता. राहिले उत्तमराव. पडद्यावर अक्षर नाही, काकांना त्यात आडवी माणसं दिसली. तुम्हाला मात्र उलगडलेली औषधांची खोकी दिसली."

उत्तम उभा राहिला. दाराशी अधिकारी होता. तो परत बसला.

"खोकीच छापली," तो म्हणाला. "आत काय भरतात, मी विचारलं नाही. अप्पांना मी बोटही लावलं नाही, ताई. देवाशपथ."

संघमित्राने टेबलावरचं निळं खोकं त्याच्यापुढे ठेवलं.

"ही रेघ बघा, दोन नंबरच्या खाचेची. काकांना केस वाटला होता. तुम्ही दुकानातूनच आणलंत, मला ठाऊक आहे. तुमचाच माल बाजारातून फिरून तुमच्या हातात आला. आतल्या गोळ्या नकली आहेत का, ते तपासायला गेल्यात. अप्पा त्यामुळेच गेले का, ते डॉक्टर सांगतील."

उत्तमने रेघेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग खोकं छातीशी धरून तो लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. नलू जागची हलली नाही. पडद्यावरचं यंत्र एकाएकी थांबलं. शिवडीत पोलीस पोचले होते.

"ती खोकी अजून दुकानांत असतील," नलू हळूच म्हणाली.

तिने उठून मेन स्विच वर केला. हॉल घरघरला. सौमित्रने इशाऱ्याचा मजकूर जुळ्यावर मांडला, मधोमध ती रेघ मोठी करून. आवाज ऐकून कामगार एकेक करत आत आले.

शाई सुकायच्या आत शरच्चंद्र गठ्ठा घेऊन परळच्या पहिल्या औषधाच्या दुकानाशी पोचले. एक म्हातारी निळं खोकं पिशवीत टाकून पायरी उतरत होती.

"आजी," ते धापा टाकत म्हणाले, "जरा थांबा. ते खोकं मला बघू द्या."