नॉर्मल आहे, म्हणाला शिवराज

नर्सने सुईचं टोपण काढलं, आणि शेजारच्या खुर्चीवरचा उंचापुरा तरुण सरळ अपेक्षाच्या खांद्यावर कलंडला.

"अहो... अहो!" अपेक्षाने घाबरून त्याला हलवलं. पण त्याने लगेच एक डोळा उघडला.

"झालं का टोचून?"

"अजून सुरुवातच नाही."

"मग मी पुन्हा पडतो... खांदा चांगला हाय."

शुक्रवार पेठेतल्या लॅबमधले सगळे हसले. अपेक्षाही हसली, पण आधी त्याचा श्वास नीट चालू आहे ना, हे बघून. तीन वर्षांपूर्वी बाबा छाती चोळत "ॲसिडिटी असेल, दिवाळीनंतर दाखवू" म्हणाले, सोडा प्यायले आणि खुर्चीतच गेले. तेव्हापासून ही पोर सतत धास्तावलेली. आई दुपारी जरा जास्त झोपली, तरी ही वाकून तिचा श्वास बघायची.

तपासणीसाठी रक्त देऊन ती बाहेर आली, तर तो पायरीवर कोपराला कापूस दाबून बसलेला.

"दिलं एकदाचं! मी शिवराज. चादरींचं दुकान हाय आमचं. तुमीबी उपाशीच की... चला, उप्पीट खाऊ."

हॉटेलात त्याने उप्पिटासोबत भजी मागवली आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "तळलेलं नका ना खाऊ!" अनोळखी माणसाला! ती लाजून चूर झाली. शिवराजने निमूट बशी बाजूला सारली. "एवढ्या मायेनं माझी भजी कुणी काढून घेतली नव्हती," तो म्हणाला.

मग रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी दोघांचं चालणं सुरू झालं. ती डब्यात ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि जवसाची चटणी आणायची. जवस हृदयाला चांगलं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. त्याने गल्ल्याजवळचा फरसाणाचा डबा हलवून तिथे भाजके फुटाणे ठेवले. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"रिपोर्ट काय आला रे?" तिने भीत भीत विचारलं होतं.

"नॉर्मल हाय की!"

त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

आणि एका सकाळी चालता चालता तो थांबला. हात छातीवर... अपेक्षाने त्याचा दंड धरला.

"दुखतंय? शिवराज, बोल ना!"

"न्हाई गं. लग्नाचं विचारायचं हाय, म्हणून धडधडतंय. पण त्याआधी..." त्याने मान खाली घातली. "मी रक्त दिलंच नव्हतं. नर्सबाईंकडनं नुसता कापूस मागून घेतला."

"काय?"

"माझे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. हार्टनंच. काका तर चाळिसाव्याच वर्षी. लई भ्या वाटतंय गं. म्हटलं, आधी चालतो, तुझी चटणी खातो... मग रिपोर्ट चांगला येईल, अन् तुला विचारायला तोंड राहील."

"परीक्षा आहे का ती, अभ्यास करून द्यायला?" ती ओरडली आणि रडायलाच लागली. "बाबांनीही असंच ढकललं होतं!"

ती तडक निघाली. निघून जाणं सोपं होतं. धडधाकट घराण्यातला एखादा मुलगा पाहायचा आणि निवांत जगायचं. फाटकापर्यंत तिचा राग टिकला. मग खुर्चीतले बाबा आठवले... आणि तिथूनच ती उलटी फिरली.

"उपाशी आहेस ना? मग चल. आत्ता."

या वेळी सुई टोचली, तेव्हा त्याने तिच्या ओढणीत तोंड लपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठीक होतं, पण कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं. "हे घराण्यातून आलंय," ते म्हणाले. "चालणं, खाणं असंच ठेवा. पण नुसत्या चटणीवर भागणार नाही. गोळी रोज, न चुकता."

बाहेर आल्यावर शिवराजने गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "तू मोकळी हैस, अपेक्षा. मी रागावणार न्हाई."

तिला भीती वाटत होती. फोन उचलायला त्याला उशीर झाला की आपला जीव टांगणीला लागणार, आयुष्यभर लागणार, हे तिला दिसत होतं. पण तो दूर कुठेतरी असेल आणि आज गोळी घेतली की नाही, हेही आपल्याला कळणार नाही... ते तर मुळीच सोसवणार नव्हतं.

तिने त्याच्यासमोरच घरी फोन लावला.

"आई, एक मुलगा आहे. आधी वाईट ते ऐक. त्याचे वडील बाबांसारखेच गेले. त्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय. गोळ्या कायमच्या."

शिवराज रस्त्याकडे बघत उभा होता.

"तुला भीती नाही वाटत?" आईने विचारलं.

"खूप वाटते गं. पण मला तोच हवाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"उद्या जेवायला घेऊन ये त्याला," आई म्हणाली. "भाजीत तेल कमी घालते."