गंधकाच्या शेडचं कुलूप

राघो दारू पिऊन रस्त्यात मेला, हे ठाण्याच्या खाडीकाठच्या रंगकारखान्यातलं तिसरं माणूस सांगत होतं, आणि भाऊंचं डोकं उठलं होतं.

राघोची बायको सगुणा साताऱ्याकडची. नवरा गंधकाच्या शेडमध्ये गुदमरून गेला, असा तिचा नुकसानभरपाईचा दावा होता. साक्षीदार एकही नाही. उद्या सुनावणी, म्हणून तिने डोंबिवलीचे खासगी गुप्तहेर गुरुदत्त चित्रे यांना गाठलं होतं. भाऊ त्यांचे मदतनीस. मदत कमी, कटकट जास्त.

"शेड अक्षय तृतीयेपासून बंद आहे," मॅनेजर वैतागून म्हणाला. "तिथले मजूर तेव्हाच गावी गेले. आता आषाढ लागला. किती वेळा सांगायचं?"

त्याने चांदीची लखलखीत डबी पुढे केली. गुरुदत्तांनी सुपारी घेतली आणि निवांत चघळत बसले. भाऊंना त्याचीही चीड आली.

फाटकावर मुकादम त्र्यंबक तंबाखू मळत होता.

"मी फाटक सोडून हलत नाही, साहेब. शेडकडे फिरकलोसुद्धा नाही."

"चुन्याची डबी चांदीची दिसते," गुरुदत्त म्हणाले.

"व्याह्यांनी दिली. ज्येष्ठातच लग्न झालं ना पोराचं."

डबी पार काळी पडली होती.

"सुनावणी उद्यावर आली आणि तू डब्या बघत बसलायस," भाऊ म्हणाले. "कमाल आहे बाबा तुझी."

दुपारी गुरुदत्त सगुणाला आणि कारखाना निरीक्षकांना घेऊन मॅनेजरच्या खोलीत आले. निरीक्षकांनी आजवर शेडचं कुलूप बाहेरूनच पाहिलं होतं. त्र्यंबकालाही बोलावलं.

"ज्येष्ठातली नवी डबी इतक्यात एवढी काळी कशी?" गुरुदत्तांनी विचारलं.

"खाडीची हवा," मॅनेजर पटकन म्हणाला.

"त्याच हवेत तुमची डबी चमकते. तुम्ही शेडमध्ये पाऊल टाकत नाही, हा जातो. चांदी अशी झरझर काळी पडते ती गंधकाच्या वायूने. शेड अक्षय तृतीयेला बंद झाली असती, तर ज्येष्ठातल्या डबीला तो लागलाच नसता. शेड चालू आहे. म्हणजे मजूरही आतच आहेत."

निरीक्षकांनी हात पुढे केला. त्र्यंबकाने कनवटीची किल्ली काढली.

शेड उघडली. आत माणसं डोळे पुसत उभी होती. सगुणा पुढे झाली.

"आमचं धनी, राघो, हितंच कामाला व्हतं का?"

सगळ्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मग एक जण म्हणाला, "व्हतं, वैनी. ह्यानं सांगितलं म्हणून आम्हीच त्येला रस्त्यावर नेऊन ठिवला. तवा श्वास चालू व्हता."