ळसाठी सोडलेली जागा

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. डोळ्यांनी पाहिलं ते मी, आणि मलाच अजून पुरतं पटलेलं नाही. पण यात पदरचं काही घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे. जेवायच्या वेळी मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो, तेव्हाची.

दुकान छपाईचं. दादाचं आणि माझं.

आता माझं एकट्याचं.

दादाने एक खूळ डोक्यात घेतलं होतं. स्वतःच्या हस्ताक्षराचा फॉन्ट बनवायचा. एकेक अक्षर कागदावर काढायचं, स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं. मनासारखं उतरलं नाही की जिभेने 'च्च' करायचा. दिवसभर ते 'च्च' ऐकून माझं डोकं उठायचं.

त्याच फॉन्टमध्ये त्याने लेकीसाठी एक गोष्ट लिहिली. लेक गुटगुटीत, म्हणून घरात तिचं नाव गोळी. गोष्टीतल्या जहाजाची कप्तानसुद्धा गोळीच.

फॉन्टमध्ये एकच अक्षर राहिलं होतं. ळ.

"हा ळ काही मला जमत नाही रे," तो म्हणायचा. "त्याच्याकडे शेवटी बघतो."

मग तो दवाखान्यात गेला आणि परत आला नाही.

गोळीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वहिनी पेनड्राइव्ह घेऊन आली.

"भाऊजी, उद्या पुस्तक हवंय. ह्यांनी कबूल केलं होतं, ती त्याच आशेवर बसलीये. आणि बाबांच्याच अक्षरात हवं म्हणते, दुसरं चालणार नाही. काहीतरी करा."

फाइल उघडली, तर फॉन्ट नाही. मजकूर साध्या छापील अक्षरात आला. यात नवल नव्हतं. गिऱ्हाइकं फाइल आणतात आणि फॉन्ट घरी विसरतात. पेनड्राइव्ह धुंडाळला, तेव्हा एका फोल्डरमध्ये दादाचा फॉन्ट सापडला. तो चढवला...

आणि स्क्रीनभर दादाचं अक्षर आलं. मला भरून आलं.

फक्त ळ असेल तिथे रिकामा चौकोन. पानोपानी, पोरीच्या नावातच भोक.

दुसऱ्या फॉन्टमधला ळ घालून पाहिला. ठिगळ लावल्यासारखा दिसला. शेवटी ते चौकोन पांढरे केले, म्हणजे कागदावर तेवढी जागा कोरी राहील. तिथे ळ मी पेनने काढणार होतो.

छापायला दिलं.

मशीन चालू झालं. खर्र... खर्र...

आणि ओळीच्या मधेच थांबलं.

कागद अडकला नव्हता. शाई होती.

मग आतून आवाज आला... बारीक, कागदावर पेन घासल्यासारखा.

पुन्हा खर्र... पुन्हा थांबलं.

आणि माझ्या डाव्या खांद्यामागून, जिथे दादाची खुर्ची अजून आहे...

"च्च."

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

शटरखालून पळ काढावा असं वाटलं. पण उद्या गोळीला काय तोंड दाखवणार? तिथेच बसून राहिलो. मशीन थांबायचं, पेन घासल्याचा आवाज यायचा, मागून 'च्च' यायचं. पानामागून पान.

हळूहळू 'च्च' कमी होत गेलं. शेवटच्या पानाला आलंच नाही.

पानं उचलली. कोऱ्या जागा कोऱ्या नव्हत्या.

प्रत्येक ठिकाणी ळ होता. स्क्रीनवर मात्र अजूनही तिथे काहीच नव्हतं.

फॉन्टमधलं अक्षर दर वेळी तंतोतंत सारखं उमटतं. मी पानं शटरपाशी नेली, उजेडात एकेक ओळ ताडून पाहिली. बाकीची अक्षरं हुबेहूब सारखी.

ळ मात्र एकासारखा दुसरा नव्हता...

पहिला वेडावाकडा. पुढचा एका बाजूला फुगलेला. मग जरा बरे. शेवटच्या पानावरचा सुरेख.

कुणीतरी सराव करत होतं.

मी पानं हातात धरून रडलो. भीतीने की कशाने, ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गोळीने पुस्तक वाचलं. शेवटच्या पानावर तिचं बोट तिच्या नावावर थांबलं.

"काका, बाबांना जमला की ळ."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली.

नंतर तीच फाइल त्याच मशीनवर पुन्हा छापून पाहिली. जागा कोऱ्याच आल्या. वाटलं, त्याचं काम झालं, सुटला बिचारा.

पण परवा दुपारी शटर अर्धं ओढून डबा उघडला होता. मशीन बंद. वायरसुद्धा काढलेली.

आणि मागून...

"च्च."

ळ तर झाला ना, दादा. मग आता काय जमत नाहीये?