पाचव्या देशाचं वॉफल

निलम मामीला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी जुळी मुलं झाली, त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. बाळं पाहायला म्हणून चिमण मामा वापीच्या हॉटेलातली नोकरी सोडून आला, तो परत गेलाच नाही. आश्विन वद्य अष्टमीला त्याने डहाणूच्या किनाऱ्यावर वॉफलची गाडी लावली. हाताखाली त्याची भाची दक्षा होती. ती मामासारखीच डोंगरातल्या वेवजीची, सातवीतली.

मैदा, अंडी आणि लोणी यांचं सरबरीत पीठ दोन तापल्या साच्यांमध्ये दाबलं की वॉफल होतं. मामाकडे विजेचे पाच साचे होते, त्याच्या हिशेबाने पाच देशांचे. बेल्जियमचं जाड, खोल चौकटींचं. हॉलंडचं पातळ, दोन चकत्यांमध्ये पाक भरलेलं. नॉर्वेचं मऊ, पाच पाकळ्यांचं. व्हिएतनामचं हिरवं, नारळाच्या दुधातलं. आणि हाँगकाँगचं म्हणजे नुसते फुगे, वरून कुरकुरीत, आत पोकळ.

मामा इतका कंजूष की दक्षालासुद्धा मोडका तुकडा देत नसे. पण किनाऱ्यावरच्या अनवाणी पोरांना तो अख्खं वॉफल फुकट द्यायचा. अट एकच. गाडीच्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकायचे आणि मामा पाच म्हणेपर्यंत काढायचे नाहीत. पोरं किंचाळत, उड्या मारत, वाळूत पडत. गिऱ्हाईकं पोट धरून हसत आणि मोबाइलवर चित्रण करत.

"मामा, पत्र्यात काय आहे?" दक्षाने विचारलं.

"भूत. पण दिलदार आहे, खाऊ देतं."

सगळ्यात चिवट होती गंगी. तिचे आईबाप चिकूच्या वाडीत मजुरीला जात. आठ वर्षांची ही पोरगी दात आवळून पत्रा धरायची. तिचे चार देश खाऊन झाले होते. हाँगकाँग मामाने मुद्दाम पाडव्याच्या गर्दीसाठी राखून ठेवलं होतं. तिचा भाऊ मिथुन दक्षाच्याच वयाचा. त्याने तिला दोनदा ओढून घरी नेलं, दोन्ही वेळा ती पळून आली.

धनत्रयोदशीला गाडीपाशी पाण्याची बादली लवंडली. त्या ओल्या वाळूत उभं राहून एका पोराने पत्रा धरला आणि त्याला हात सोडवेना. डोळे पांढरे झाले. मामाने चटकन बटण बंद केलं, म्हणून तो सुटला. लोकांना वाटलं, नाटक. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मिथुनचा चेहरा उतरला. त्याने आणि दक्षाने गाडीची वायर धरून माग काढला. ती सुरूच्या झाडांमधून जाऊन रस्त्यावरच्या दिव्याच्या तारेवर आकडा टाकून अडकवली होती. तो टाकणारा वायरमन, नाव त्याचं नवीन, चहाच्या टपरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जरा झिणझिण्या येतात, त्याने आळस जातो. कोरड्या वाळूत कुणी मरत नाही.

"कोरड्या वाळूत," हे कळल्यावर हर्षदा दक्षाला म्हणाली. ती धाकट्या डहाणूची, कोळ्याघरची, मिथुनच्या वर्गातली. "तुझ्या मामाने गाडी कधी लावली?"

"अष्टमीला."

"मग झालं. अष्टमीला भांगाचं पाणी, भरतीसुद्धा लांबच राहते. डोंगरातल्या माणसाला वाटलं, समुद्र तिथंच असतो. अमावास्येनंतर उधाण येईल. पाडव्याला दुपारचं पाणी सुरूपर्यंत चढेल आणि संध्याकाळी सगळी वाळू ओली असेल."

दक्षाने मामाला गाडी वर घ्यायला सांगितलं. तो हसला. म्हणाला, गिऱ्हाईक पाण्याजवळ येतं, झाडाखाली माकडं येतात. मिथुनच्या बापाने मुलालाच दटावलं, फुकट खायला मिळतं तर खाऊ दे.

मोठी माणसं ऐकत नाहीत म्हटल्यावर हर्षदाने शेजारच्या काकूंचं आप्पेपात्र मागून आणलं. मिथुनच्या अंगणात चूल पेटली. आप्प्याच्या खळग्यांमध्ये पीठ वरपर्यंत ओतलं की फुगे एकमेकांना चिकटतात आणि उलथण्याने सबंध चकती निघते. पहिली करपली, दुसरी मोडली. तिसरी हुबेहूब हाँगकाँग!

पाडव्याला मिथुनने किनारा पिंजून काढला आणि निरोप दिला, हाँगकाँग फुकट, पत्रा धरायचा नाही. अनवाणी पोरांची सगळी फौज मिथुनच्या अंगणाकडे धावली. गंगी सर्वांच्या पुढे.

किनाऱ्यावर दक्षा एकटी मामापाशी राहिली. दुपारच्या भरतीने गाडीची चाकं बुडवली होती आणि मामाच्या जाड रबरी चपला वाहून नेल्या होत्या. आता पाणी ओसरलं होतं, गर्दी जमली होती आणि एकही पोर नव्हतं.

"अहो, भूत कुठाय?" एकजण ओरडला. "पोरं भाड्याची होती वाटतं!"

लोक हसले. पोरांवर हसायची सवय लागलेल्या मामाला स्वतःवर हसलेलं सोसलं नाही. त्याने बाह्या सरसावल्या.

"मामा, पाय ओले आहेत. नको," दक्षा म्हणाली.

"गप बस, भाचे."

त्याने दोन्ही तळवे टेकले. लोकांनी मोजायला सुरुवात केली. पाच झाले, सात झाले, तरी ते हसत मोजतच होते. दोघे त्याला ओढायला पुढे झाले, तेव्हा दक्षा हात पसरून आडवी उभी राहिली.

"कुणी शिवू नका! बटण पत्र्यावरच आहे, आधी वरून वीज तोडा!"

टपरीवरून नवीनने धावत जाऊन कोरड्या बांबूने आकडा पाडला, तेव्हा मामा खाली कोसळला.

तपासाला आलेले फौजदार म्हणाले, या पोरांनी डोकं चालवलं म्हणून एकावर निभावलं. हर्षदाचे आजोबा तुक्या तांडेल यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. गावाने शाळेत सत्कार करायचं ठरवलं. निलम मामी दक्षाशी बोलली नाही. गंगी मात्र बोलली. म्हणाली, ते आप्पे होते, तुम्ही मला फसवलंत.

मेला तो चिमण, दक्षाचा मामा. बलिप्रतिपदेच्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी.