चाळीस शर्टांची काजं

दोऱ्याच्या दुकानात गर्द निळ्या रंगाचं एकच रीळ उरलं होतं आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसरा लांब बोटांचा, नखांना खडू लागलेला.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "एवढं काय शिवताय?"

"हॉटेलच्या वेटरांचे शर्ट. चाळीस. परवा द्यायचेत."

"आणि काजं?"

"हातानं. मीच करते."

त्यानं माझ्या सुईनं टोचलेल्या बोटांकडे पाहिलं... आणि मी उगाचच हात मागे घेतला.

"चाळीस शर्ट म्हणजे दोनशे ऐंशी काजं. परवापर्यंत बोटं जागेवर राहतील ना? कोपऱ्यावर माझं काज-बटणाचं दुकान आहे. आणून टाका."

आता, मी पडले मानी. कापणं, शिवणं, इस्त्री, गिऱ्हाइकांचे फोन, सगळं मीच करायचे. आई म्हणते, "ही स्वतःच्या लग्नात वाढायलाही स्वतःच उभी राहील." पण हे माझं पहिलं मोठं काम होतं. पसंत पडलं तर वर्षभर हॉटेलचं शिवण माझ्याकडे, नाही तर पुन्हा लोकांच्या पँटच्या चेनी बदलत बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झक मारत गठ्ठा घेऊन त्याच्या दुकानात गेले.

"प्रत्येक काजाची खूण मी करून आणलीय," मी बजावलं. "खुणेवर काज करायचं. डोकं चालवायचं नाही."

"बरं," तो म्हणाला. हसला नाही, पण डोळ्यांत काहीतरी होतंच. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला.

दुपारी चारला तो माझ्या दारात. गठ्ठा जसाच्या तसा.

"एकही काज केलं नाही?" माझं डोकंच फिरलं. "उद्या सकाळी द्यायचेत..."

"डोकं चालवू नका म्हणालात, म्हणून नुसता घेऊन आलोय." त्यानं एक शर्ट माझ्यापुढे धरला. "तुम्ही कायम बायकांचे कपडे शिवता ना?"

मी पाहिलं आणि गठ्ठ्यातून दुसरा शर्ट ओढला, मग तिसरा. पुरुषांच्या शर्टाला काज डाव्या बाजूला असतं. सवयीनं मी चाळीसही शर्टांवर उजवीकडे खुणा केल्या होत्या. एकदा काज कापलं की कापड गेलं. त्यानं माझं ऐकलं असतं तर चाळीस शर्ट फुकट गेले असते.

"तुम्हीच बदलायच्या होत्या खुणा," मी कसंबसं म्हणाले.

"काम तुमचं आहे. तुम्हाला न विचारता कसं बदलू?"

मी खडू त्याच्यापुढे सरकवला. आम्ही समोरासमोर बसून खुणा झटकल्या, नव्या केल्या. मध्येच बोटाला बोट लागलं... दोघांनीही सॉरी म्हटलं नाही. मग गठ्ठा त्याच्या दुकानात नेला. दिवेलागणीपर्यंत त्याच्या मशीनवर शेवटचं काज झालं, आणि बटणं आम्ही दोघांनी मिळून रात्री जागून लावली.

सकाळी आम्ही दोघं गठ्ठा घेऊन हॉटेलवर गेलो. मॅनेजरबाईंनी बटण लावून पाहिलं, काढून पाहिलं, शर्ट उलटा करून पाहिला. "सुरेख. वर्षभराचं काम तुमचं. एकटीनं केलंत?"

"शिवण माझी," मी ताठ मानेनं म्हणाले, "काजं यांची." हे सांगताना स्वतःचा इतका अभिमान मला आजवर वाटला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. "माझं नाव कशाला सांगितलंत? काज कोण बघतं..."

"मी बघते. आणि नीट ऐका. मला तुमच्यावाचून अडत नाही. दोनशे ऐंशी काजं मी हातानंही करीन."

"माहीत आहे मला."

"तरीसुद्धा..." माझा आवाज कापला, पण मान खाली गेली नाही. "तरीसुद्धा मला तुम्ही हवे आहात."

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच माझा टोचलेला हात त्यानं हातात घेतला, आणि या वेळी मी तो मागे घेतला नाही.